स्नेहसंमेलनातले समारोपाचे गाणे

लॉस एंजेलिस परिसरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा पूर्वार्ध दर वर्षी सारखाच असतो: दीपप्रज्वलन, गणेशवंदना, अध्यक्षांचे प्रास्ताविक, खजिनदारांचा अहवाल आणि वर्गणी थकवणाऱ्यांना दिलेली सौम्य समज. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मी संगीत समितीत असल्यामुळे माझ्या लेखी संमेलन सुरू होते ते समारोपाच्या गाण्यापासून.

अमेरिकन गायिका-गीतकार कॅरोल किंग यांचे 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' आमच्याकडे दर वर्षी म्हटले जाते, मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या कलावंताच्या ढंगात. मराठी मंडळात इंग्रजी गाणे कशाला, असा आक्षेप सुरुवातीला कार्यकारिणीत आला होता; तो घेणाऱ्यांची मुले आज कोरसच्या पहिल्या रांगेत उभी असतात, हे नमूद करायला मला आवडते. शिवाय गाणे आमच्याच गावचे आहे. १९७१ च्या सुरुवातीला हॉलिवूडमध्ये ते 'टॅपेस्ट्री' या अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झाले. शब्द आणि चाल दोन्ही किंग यांचेच. त्यांचे गायक मित्र जेम्स टेलर यांनी ते येथल्या ट्रूबडोर क्लबमध्ये ऐकले आणि त्याच वर्षी स्वतःही गायले. जोनी मिचेल यांची साथ असलेले ते ध्वनिमुद्रण जुलैअखेर बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी सोहळ्यात गीताचा पुरस्कार किंग यांना तर गायनाचा टेलर यांना मिळाला. आपला अल्बम नुकताच येत असताना त्यातले इतके चांगले गाणे मित्राला गाऊ द्यायचे, ही दिलदारी आमचे निवेदक दर वर्षी त्याच शब्दांत वर्णन करतात आणि मला ती दर वर्षी ऐकावीशी वाटते.

टेलर यांचा ढंग सर्वांत सोपा, कारण एक गिटार असली की भागते. १९७२ मध्ये लहानग्या मायकल जॅक्सनने ते गायले, २००५ मध्ये मॅकफ्लाय या ब्रिटिश बँडने मदतनिधीसाठी गाऊन इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक मिळवला. आमच्या तरुण मंडळींनी मॅकफ्लायचा अवतार सादर केला तेव्हा निम्मे ज्येष्ठ सभासद कॉफीच्या निमित्ताने व्हरांड्यात होते.

मनात घर करून राहिले ते गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या धर्तीचे वर्ष. जानेवारी १९७२ मध्ये याच शहरातल्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी हे गाणे थॉमस डॉर्सी यांच्या प्रार्थनागीताला जोडून गायले, आणि गाण्यातला मित्र थेट देवच झाला. आम्ही त्याआधी तुकोबांचा अभंग घेतला. विठ्ठलाला सखा म्हणणाऱ्यांना ही जोडणी समजावून सांगावी लागली नाही. अडचण आली टाळीची. आपल्याला टाळी समेवर पडलेली हवी असते, तर गॉस्पेलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीतात, ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. तालमीची एक अख्खी दुपार यातच गेली. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींना ती सर्वांत आधी साधली, आणि मग त्या खुर्चीत बसून आमच्या चुका हाताच्या इशाऱ्याने दाखवू लागल्या.

तरीही मला दर वेळी हलवते ते सोल गायक डॉनी हॅथवे यांचे ट्रूबडोरमधले १९७१ चे सादरीकरण. त्यात ध्रुवपद श्रोतेच उचलतात, आणि गायक जणू त्यांना साथ करत राहतो. आमच्या ज्या सभासदाने ते कीबोर्डवर म्हटले, तो व्यवसायाने दंतवैद्य आहे. ध्रुवपदाशी येऊन तो गप्प झाला आणि क्षणभर सभागृहही गप्प राहिले. मग मागून कुणीतरी सुरुवात केली, आणि जे होते ते सारे गायले. 'जे होते ते' हे मुद्दाम लिहिले आहे, कारण जेवण आधी वाढल्यामुळे कित्येक कुटुंबे श्रीखंडाचे डबे भरून घेऊन केव्हाच निघून गेली होती.

ज्यांच्यावाचून हे जमले नसते त्यांची नोंद व्हायलाच हवी: ध्वनिव्यवस्था सांभाळणारे काका, कीबोर्ड उसना देणारे शेजारी, ज्येष्ठांसाठी शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून देणाऱ्या ताई, दर रविवारी सॅन डिएगोहून तालमीला येणारे दांपत्य, चहाची जबाबदारी घेणाऱ्या वहिनी, वाहनतळावर उभी राहणारी मुले, आणि वेळ संपल्यावरही दिवे न मालवणारे शाळेचे रखवालदार. ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांच्याइतकेच, ज्यांनी त्या रात्री उशिरा उचलून ठेवल्या तेही यात आहेत.

पुढच्या वेळी हॅथवे आणि गायिका रॉबर्टा फ्लॅक यांनी याच गाण्याचे केलेले द्वंद्वगीत करायचे ठरले आहे. जेवण गाण्यानंतर वाढावे, असा ठरावही मी मांडला आहे. त्याला कार्यकारिणीत दोघांचा विरोध आहे, आणि ते दोघेही त्या रात्री डबे घेऊन लवकर निघालेल्यांपैकी आहेत.