जनगणनेचा उतारा आणा म्हणे!

१९३१ च्या जनगणनेतल्या आजोबांच्या नावाचा उतारा आणा, असं टेबलापलीकडून कोणी सांगितलं, तर पिशवी उचलून शोधायला निघू नका. असा उतारा नसतो. कधीच कोणाला मिळालेला नाही. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण हेच एका कार्यालयाला लेखी पटवून देता देता इंग्रजांनी जिल्ह्यात शिरगणती कशी केली याचे जाडजूड अहवाल मी वाचून काढलेत. हौस म्हणून नाही, वैतागून.

विषय भाचीच्या जात पडताळणीचा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्या वडिलांचा शाळेचा दाखला होता, पण त्यावर जातीपुढे नुसतं ‘हिंदू’. वंशावळ, प्रतिज्ञापत्र, ऑनलाइन अर्ज हे सगळं बिनबोभाट पार पडलं. मग त्रुटीचा कागद हातात आला: ‘१९३१ च्या जनगणनेतील नोंदीचा साक्षांकित उतारा सादर करावा.’

मी विचारलं, हा कुठे मिळतो? लिपिक म्हणाले, “ताई, ३१ ला जातवार जनगणना झाली होती ना? मग नोंद असणारच. तहसीलला विचारा.” तहसीलमध्ये हसले आणि म्हणाले, जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी माहिती अधिकारात अर्ज टाकायला सांगितलं. तो टाकला. ठरलेल्या मुदतीच्या अगदी कडेला उत्तर आलं: व्यक्तिनिहाय माहिती उपलब्ध नाही. ते घेऊन परत पहिल्या टेबलाशी गेले तर, “उपलब्ध नाही म्हणजे आहे, पण सापडत नाही. तुम्ही पाठपुरावा करा.” या वाक्यावर मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. भाचीच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती आणि हे साहेब शांतपणे कागद फायलीत लावत होते. फाईल बंद करून, त्यावर पेपरवेट ठेवून मग पुढच्या माणसाकडे बघायचं, ही त्यांची पद्धत. पेपरवेट ठेवलं की आपलं काम संपलं असं समजायचं.

शेवटी ठरवलं, ही नोंद का नाही तेच कागदावर मांडून द्यायचं. जुने अहवाल इंटरनेटवर आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने पुष्कळ जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. मुंबई इलाख्याचा तुम्हाला हवा तो खंड शोधा. पहिल्या भागात अहवाल असतो, दुसऱ्यात कोष्टकं. फक्त दुसरा भाग बघून थांबू नका. काम कसं केलं ते पहिल्या भागात लिहिलेलं असतं आणि तुमच्या उपयोगाचं तेच.

तर झालं असं. जिल्ह्याचा सगळा भार कलेक्टरवर. तालुका म्हणजे साधारण एक ‘चार्ज’, त्याचा प्रमुख बहुतेक मामलेदार. चार्जचे सर्कल, प्रत्येकावर एक पर्यवेक्षक. सर्कलचे ब्लॉक, म्हणजे तीस-पन्नास घरं, आणि त्याला एक प्रगणक. हे प्रगणक कोण? तलाठी, शाळामास्तर, गावातला कोणी लिहिता-वाचता माणूस. बहुतेकांना मेहनताना नाही, उलट नाही म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. आजच्या शिक्षकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

आधीच्या पावसाळ्यानंतर घरांना नंबर टाकायचे. मग ठरलेल्या रात्रीच्या काही आठवडे आधी घरोघर जाऊन तक्ते काळ्या शाईने भरायचे. आणि त्या एका रात्री, संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत, पुन्हा सगळ्या घरांवरून फिरायचं. कोणी मेलं, गावाला गेलं, तर नाव खोडायचं. पोर जन्मलं, पाहुणा आला, तर नाव घालायचं. हे सगळं लाल शाईने. कंदील घेऊन अंधारात गल्लीबोळांतून फिरायचं म्हणून रात्र चांदण्याची निवडायचे. १ मार्च १९०१, १० मार्च १९११, २६ फेब्रुवारी १९३१ या तिन्ही तारखा पंचांगात ताडून बघितल्या: शुद्ध पक्ष, आणि होळी आठवड्याच्या आतबाहेर. कोकणात शिमग्याच्या तोंडावर माणसं मोजायची म्हणजे कमाल आहे! चाकरमानी वाटेत की गावात की चाळीत?

हाच मुद्दा माझ्या पत्रात पहिला होता. त्या रात्री माणूस जिथे असेल तिथे मोजायचा, अशी रीत होती. आजोबा मुंबईत गिरणीत होते. म्हणजे नोंद झालीच असेल तर मुंबईत, जन्मजिल्हा रत्नागिरी असं लिहून. गावच्या तहसीलने ती शोधायची कुठून? रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, हे त्या कोष्टकांत वर्षानुवर्षं दिसतं. कारण हेच.

दुसरा मुद्दा शाईपेक्षा पक्का. १९११ च्या तक्त्यात १६ रकाने होते आणि नावाचा तिसरा. पण बाईचं नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर तिथे नुसतं ‘स्त्री’ लिहा, अशी सूचनाच होती. म्हणजे सरकारला नावाची फारशी गरजच नव्हती. ते होतं मोजताना कोणी दोनदा येऊ नये किंवा सुटू नये म्हणून. रात्र संपली की प्रगणकाने आपल्या ब्लॉकच्या पुरुष-बायकांची बेरीज करायची, ती पर्यवेक्षकाकडे, तिथून तालुक्याला, तिथून कलेक्टरकडे, आणि जिल्ह्याचा आकडा तारेने वर. लोकसंख्या काही दिवसांत कळायची. जात, धंदा, भाषा हे सगळं मोजायचं काम पुढे कित्येक महिने चालायचं आणि तिथेच नाव गळायचं. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक छोटी चिठ्ठी करत. चिठ्ठीचा रंग धर्माचा, वरची खूण स्त्री-पुरुष आणि लग्न झालंय की नाही याची. घराचा नंबर, माणसाचा अनुक्रमांक, बाकी माहिती. नाव नाही. मग त्या चिठ्ठ्या कप्प्यांत टाकून गठ्ठे मोजायचे. मूळ तक्ते पुढे जपून ठेवले गेले नाहीत.

म्हणून १९३१ च्या जातीच्या कोष्टकात जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या बायका, एवढंच मिळतं. ते पान मी पत्राला जोडलं आणि लिहिलं की यातला एक आकडा माझे आजोबा आहेत, कोणता ते कार्यालयाने कळवावं. (हे वाक्य भाचीने खोडायला लावलं. बरं केलं.) कोणी चलाखीने १९४१ म्हणालं तर सांगा: तेव्हा जात विचारली होती, पण युद्धामुळे बरीचशी कोष्टकं झालीच नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ पाहून ठेवा. त्यानंतरच्या नोंदी बघायचा हक्क कोणालाच नाही आणि त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

पत्र वाचून लिपिक म्हणाले, “एवढं लिहिलंत कशाला? तोंडी सांगायचं ना.” मी काही बोलले नाही.

त्रुटी मागे घेतली गेली, तरी पुरावा हवाच होता. तो गाव नमुना १४ मध्ये निघाला. जन्म-मृत्यूचं रजिस्टर: वडिलांचा जन्म, बापाचं नाव, जात, एका ओळीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. सही-शिक्क्याबद्दल आधी विचारा, नाहीतर त्यावरही त्रुटी निघते. मुलाचं नाव ठेवायच्या आधीच जन्माची नोंद व्हायची, त्यामुळे मुलाच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. बापाच्या नावाने आणि अंदाजे सालाने शोधा. शाळेचा दाखला कोरा असला तरी शाळेतलं जनरल रजिस्टर वेगळं बघा, तिथे कधी जास्त लिहिलेलं असतं.

आणि सिंधुदुर्गातल्यांनी लक्षात ठेवा: जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचे जुने आकडे रत्नागिरीत बघा. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, तिचा हिशेब वेगळा.