दीड तासाचं नागपूर

मुंबई ते नागपूर विमानाने दीड तास. तिकिटावर तसंच छापलेलं असतं आणि नागपूरच्या मावशीला ते तोंडपाठ आहे. "दीड घंट्याचं तं काम आहे, येऊन जाय नं!" असं ती म्हणते, जणू मी कोपरखैरण्याहून नाही, सीताबर्डीहून यायचोय.

हिशोबाला बसलं की हा दीड तास मोठा गमतीचा निघतो. सरळ हवाई अंतर 680 किलोमीटरच्या आसपास. रेल्वे भुसावळ, अकोला करत त्याचे 837 करते आणि विदर्भ एक्सप्रेस त्यासाठी अख्खी रात्र खाते. विमान वर गेलं की ताशी 800च्या घरात पळतं. म्हणजे 50 मिनिटांत नागपूर यायला हवं. उरलेली 40 मिनिटं जातात कुठे?

थोडी चढण्या-उतरण्यात, बरीचशी जमिनीवर. कंपन्या वेळ मोजतात ती इथे चाकाची उटी काढल्यापासून तिथे उटी लागेपर्यंत. (हो, ट्रकवाले दगडाची लावतात तीच उटी.) मागे ढकलणं, रांगत धावपट्टीपर्यंत जाणं, चार विमानांमागे नंबर लावणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ कामाची एकच. म्हणून शिंपी शिवणीत माया सोडतो तशी वेळापत्रकातही सोडलेली असते. मग एखाद्या दिवशी रांग नसली की "आपण नियोजित वेळेच्या 15 मिनिटं आधी पोचलो आहोत" हे ऐकवतात. त्या आवाजातला अभिमान मला कधीच पटत नाही.

थंडीत आणखी एक भानगड. वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. परतीला वेळ जास्त लागतो तो त्यामुळे.

रांगेचं दुसरं टोक आमच्या गच्चीवरून दिसतं. पूर्वेकडून उतरणारं विमान डोक्यावरून जातं तेव्हा चाकं खाली आलेली असतात, पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत असतो. ते खाडीकडे सरकतंय तोवर पारसिकच्या डोंगरावर मागच्याचे दिवे हजर. आतल्या निम्म्या लोकांनी एव्हाना मोबाइल चालू केले असणार.

तिकिटावर न छापलेला वेळ वेगळाच. संध्याकाळी ऐरोली पूल, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. विमानतळ गाठेपर्यंत तेवढ्या वेळात नागपूर आलं असतं. 25 डिसेंबर 2025 पासून उलव्याच्या नव्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिथून नागपूर आकाशात पंधराएक किलोमीटरने जवळ, म्हणजे जेमतेम मिनिटभर. पण घरातून पाम बीच रोडला लागलं की उलवं काही लांब नाही, आणि माझा खरा वेळ वाचतो तो इथे. आता संक्रांतीच्या आठवड्यात खिशाला झेपेल असं तिकीट तेवढं कुणी शोधून द्यावं.