दोन किनाऱ्यांचे संत

मंगळवार, सेंट डेव्हिड्स

वेल्सच्या पश्चिम टोकावरचं हे गाव नावाला शहर आहे, कारण इथे कॅथेड्रल आहे. आणि ते दिसतच नाही. चौकातून उतरून दगडी वेशीतून आत गेलं की एकदम पायाखाली उघडतं, खाली, आलन ओढ्याच्या काठच्या खळग्यात. समुद्रावरून येणाऱ्या व्हायकिंगांच्या नजरेस पडू नये म्हणून ही जागा निवडली, असं सांगतात. फार उपयोग झाला नाही. मठ पुन्हा पुन्हा लुटला गेला. आताची इमारत 1181 मध्ये सुरू झाली, तोवर व्हायकिंगांचा जोर ओसरला होता.

दगड जांभळट आहे, जवळच्याच किनाऱ्यावरून आणलेला. आत जमीन चक्क चढाची: पश्चिमेच्या दारापासून पूर्वेच्या टोकापर्यंत जवळजवळ 4 मीटरचा फरक. खांब बाहेरच्या बाजूला कललेत. वर आयरिश ओक लाकडाचं कोरीव छत, सोळाव्या शतकातलं. मान वर करून चालताना मी दोनदा अडखळले.

पण माझा वेळ गेला तो गायकवृंदाच्या बाकांपाशी. इथली आसनं उचलता येतात. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणणाऱ्यांना हळूच टेकता यावं म्हणून उचललेल्या आसनाच्या खालच्या बाजूला एक छोटी फळी असते आणि त्या फळीखाली कोरीवकाम. मिझेरिकॉर्ड म्हणतात. पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी केलेलं हे काम कुणाला दिसावं म्हणून केलेलं नाही, त्यामुळे कारागिराने मनात येईल ते कोरलंय. एका आसनाखाली नाव आहे. आत माणसं दाटीवाटीने बसलीत आणि एकाला बोट लागलीय, बिचारा कडेवर ओणवा झालाय. दुसरीकडे नाव बांधणारे सुतार, आणि काम सोडून घोटभर प्यायला थांबलेला गडी. मी गुडघ्यावर बसून बघत होते. बरोबर आलेल्या ह्याने दोनदा घड्याळ दाखवलं.

पोप दुसरा कॅलिक्स्टस याने बाराव्या शतकात ठरवून दिलं होतं म्हणे, की सेंट डेव्हिड्सच्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक. म्हणजे इथे गर्दी असणार, आणि बरेच जण पाण्यावरून येणार. उलटी करणारा यात्रेकरू त्या कारागिराने डोळ्यांनी पाहिलेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

गावाला ज्याचं नाव आहे त्या वेल्सच्या पालक संत डेव्हिडचं 1275 मधलं देवस्थान सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत ओरबाडलं गेलं. 2012 मध्ये ते पुन्हा सजवलं: रंगीत लाकडी छत, कोनाड्यांत नव्या प्रतिमा. पुढे डेव्हिड, त्याच्या दोन बाजूंना पॅट्रिक आणि अँड्र्यू. मागच्या बाजूला डेव्हिडची आई नॉन आणि संत जस्टिनियन. बायझंटाइन धाटणीच्या, सोनेरी. चांगल्या आहेत, पण अजून नव्याकोऱ्या वाटतात.

मनात राहिली ती एक शिळा. बिशप अब्राहमच्या मुलांची, हेद आणि इसाक. 1080 मध्ये व्हायकिंगांनी बिशपला मारलं, मुलंही त्याच धाडीत गेली असं मानतात. वर क्रूस, गाठीगाठींची नक्षी आणि लॅटिन मजकूर. आपल्याकडच्या गावाबाहेरच्या वीरगळासारखीच ही. फरक एवढाच, की इथे लढाईचं चित्र नाही, नुसती नावं.

बुधवार, नेव्हर्न

सकाळी सेंट नॉन्सला गेलो. कड्यावरच्या शेतात एका पडक्या चॅपलच्या भिंती आहेत. ऐन वादळात इथे नॉन बाळंत झाली आणि डेव्हिड जन्मला, अशी कथा. शेजारी डोळ्यांच्या दुखण्यावर गुणकारी मानलेला झरा. थोडं वर 1934 चं छोटं चॅपल, त्यात रंगीत काचा. नॉनची काच एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कलाकार विल्यम मॉरिसच्या वळणाची, देखणी आहे. पण वादळात बाळंत झालेल्या बाईच्या झग्याची किनारसुद्धा भिजलेली नाही. एकोणिसाव्या शतकापासून पुढच्या बहुतेक चर्चांमधल्या काचांबद्दल माझी हीच तक्रार आहे: सगळे संत एकाच घरातले, नुकतेच न्हाऊन आलेले.

नेव्हर्नच्या चर्चमध्ये मात्र मी गप्प झाले. संत ब्रायनाकचं हे चर्च, आणि ब्रायनाक मूळचा आयर्लंडचा. खिडकीच्या तळाशी, जिथे आपण कुंडी ठेवू तिथे, एक लांबट दगड आडवा बसवलाय. पाचव्या शतकातला. मधोमध लॅटिन अक्षरं, आणि कडेवर नुसते आडवेतिरपे छेद. ते छेद म्हणजे ऑगम, जुन्या आयरिशची लिपी. दोन्हींत मजकूर एकच: मॅग्लोकुनस, क्लुतोरीचा मुलगा. बोट फिरवलं तर एकेक खाच मोजता येते. वेल्सच्या खिडकीत आयरिश भाषा कशी आली? तर आयर्लंडच्या वॉटरफर्डकडचे डेशी नावाचे लोक त्या काळी समुद्र ओलांडून इथे वसले होते. त्यांना समुद्र आडवा येत नव्हता, तोच त्यांचा रस्ता होता.

बाहेर 4 मीटर उंच क्रूस, दहाव्या-अकराव्या शतकातला, चारी बाजूंनी वेण्या घातल्यासारखी नक्षी. 7 एप्रिलला वसंतातली पहिली कोकिळा याच्यावर येऊन बसते म्हणे, आणि ती ओरडल्याशिवाय पाद्री प्रार्थना सुरू करत नसत. एका वर्षी तिला फार उशीर झाला, लोक ताटकळले, शेवटी ती आली, कशीबशी ओरडली आणि मरून पडली. असली गोष्ट कुठलं गाव स्वतःबद्दल सांगेल? मला गाव आवडलं.

गुरुवार

वेल्सच्या फिशगार्डहून आयर्लंडच्या रॉसलेअरला बोटीने, तीन-साडेतीन तास. समुद्र खवळलेला. मिझेरिकॉर्डवरचा तो मनुष्य आठवत होता, एवढंच लिहिते.

शुक्रवार, आर्डमोर

हे डेशींचं मूळ गाव, म्हणून हट्टाने आलो. संत डेक्लनचं. चढावर गोल मनोरा, साधारण 30 मीटर उंच, आणि बिनछपराचं कॅथेड्रल. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून कमानीकमानींत शिल्पं बसवलीत: ॲडम-ईव्ह, सॉलोमनचा न्याय, बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी. खाऱ्या वाऱ्याने चेहरे पार गेलेत. ॲडम आणि ईव्ह यांच्यामधलं झाड तेवढं ठसठशीत उरलंय. आत ऑगमचे दगड आहेतच.

खाली वाळूत दुसऱ्या दोन खडकांवर टेकलेला एक मोठा दगड आहे. डेक्लन वेल्सला डेव्हिडकडे गेला होता. परत निघाला तेव्हा नोकर घंटा तिकडेच विसरला. डेक्लनने प्रार्थना केली तसा हा दगड घंटेसकट तरंगत आला आणि जहाजाला वाट दाखवत इथे लागला. (डेक्लन पाचव्या शतकातला, डेव्हिड सहाव्या, हे कथेला कुणी सांगितलेलं दिसत नाही.) 24 जुलैच्या जत्रेत लोक पाठदुखीवर उपाय म्हणून या दगडाखालून सरपटत जात. अंगावर चोरीचा कपडा असेल तर जाता येत नाही, अशी अट. माझी पाठ दुखतच होती, पण वाळू ओली होती आणि स्वेटर बहिणीचा होता, न विचारता आणलेला.

शनिवार, कॉर्क

हॉनन चॅपल विद्यापीठाच्या आवारात आहे, किनाऱ्यावर नाही. पण संत तेच, आणि जमिनीवरच्या मोझेकमध्ये मासे पोहतायत. 1916 मध्ये पूर्ण झालं. आयरिश काचचित्रकार हॅरी क्लार्कच्या 11 काचा आहेत इथे. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. ब्रेंडन आहे, डेक्लन आहे. माझी काचांबद्दलची तक्रार त्याच्यासमोर टिकत नाही. मधमाश्यांची संत गोबनत उभी आहे, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची, फिकट, दया-माया नसल्यासारखी. निळा रंग इतका गडद की जवळ गेल्यावर आत आणखी निळे सापडत जातात. आणि एका भागात दरोडेखोर जीव घेऊन पळतायत, मागे तिच्या माश्या. त्यांचे चेहरे कारागिराने पाहिलेल्या माणसांचे आहेत.

हा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हिच्या वाटेला जाऊ नये कुणी.”