५२ वजा १७

विस्तार अधिकारी मॅडम वार्षिक तपासणीला परवा येणार, असा केंद्रप्रमुखांचा निरोप सोमवारी संध्याकाळी आला. आमची शाळा बालाघाटच्या डोंगरातली, चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मंगळवारी रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं कागद जुळवत बसलो. जनरल रजिस्टर, टाचण, पोषण आहाराचा साठा, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त. पोषण आहार चाखून सही करायची त्या चव नोंदवहीत चार दिवसांच्या सह्या राहिल्या होत्या. त्या कशा पूर्ण झाल्या ते विचारू नका.

तपासणी म्हणजे कागद, हेच मी नोकरीच्या नऊ वर्षांत शिकलो होतो. शाळेनं स्वतःचं मूल्यमापन करायच्या शाळासिद्धीची ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं भरली, मग नव्या आराखड्याची १२८ मानकं आली. प्रत्येकाला पुरावा हवा, फोटो हवा, आणि आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. शेरेवही चाळली तर तीन वर्षं एकच वाक्य, फक्त शाई वेगळी: ‘शाळा स्वच्छ व सुंदर. विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक.’

मॅडम आल्या त्या ऑफिसात गेल्याच नाहीत. टेबलावर मांडलेल्या फायली तशाच राहिल्या, आणलेली बिस्किटंही. तिसरीच्या सतरंजीवर मुलांमध्ये बसल्या आणि फळ्यावर ५२ वजा १७ लिहायला सांगितलं. अकरा पोरं. पाटीवर सात जणांचं उत्तर ४५.

मला घाम फुटला. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. एकाला विचारलं, "कसं केलंस रे?" तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार." लहान आकड्यातून मोठा जात नाही, म्हणून त्यानं सरळ मोठ्यातून लहान काढला होता. मॅडमनी पाटी बाजूला ठेवली. "बरं, तुझ्याकडं बावन्न रुपये हायेत. सतरा रुपयाचं तेल आणलं. किती उरले?"

"पस्तीस," पोरगं पटकन म्हणालं. रोज दुकानात तोच जातो.

मग त्यांनी माझी मूल्यमापन नोंदवही मागवली. त्या पोराच्या नावापुढं माझ्याच अक्षरात वर्णनात्मक नोंद होती: ‘हातच्याची वजाबाकी अचूक करतो.’ खालच्या नावापुढंही तीच, त्याच्या खालीही तीच. मॅडमनी वही मिटून परत दिली, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मुलांबरोबर खिचडी खाल्ली आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून त्यांनी स्वतः पाठ घेतला. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. रबर काढलं तेव्हा पोरं हसली. मी हातचा शिकवताना थेट फळ्यावर आकडा खोडत होतो, गठ्ठा सोडलाच नव्हता. डी.एड.ला हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

शेरेवहीत दोनच ओळी: ‘तिसरी, हातच्याची वजाबाकी, ११ पैकी ४. दिवाळीनंतर पुन्हा येईन.’

‘पुन्हा येईन’ कुणी खरं करत नाही असं मुख्याध्यापक म्हणाले. तरी मी रोज पहिला तास काड्यांचा ठेवला. आणि मॅडम आल्या, नोव्हेंबरच्या शेवटी, न सांगता. दहापैकी नऊ जणांना जमलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी वर्गभर नजर फिरवली. "तो तेलवाला कुठंय?"

आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता, कऱ्हाडच्या बाजूला. आजी बरी नसल्यानं त्याला मागं ठेवायला घरी कुणी नव्हतं. स्थलांतरित मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते शिक्षण हमी कार्ड मी दिलं होतं, तसं सांगितलंही.

"त्यात हे लिहिलंय का, की तोंडी येतं आणि कागदावर हातचा चुकतो?"

नव्हतं लिहिलं. संध्याकाळी मुकादमाकडून फडाजवळच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर काढला आणि टाकीवर चढून फोन लावला. सगळं ऐकून ते हसले. "सर, एका वजाबाकीसाठी फोन केलात?"

"हो," म्हटलं. "काड्या आहेत का तुमच्याकडं?"