मुलांच्या अवघड प्रश्नांना घरात जागा

लहान मुले अनोळखी माणसांविषयी मोठ्याने प्रश्न विचारतात, तेव्हा पालकांची जेवढी तारांबळ उडते तेवढी क्वचितच कशाने उडत असेल. रेल्वेच्या फलाटावर कुबड्या घेतलेले आजोबा दिसले की ‘हे असे का चालतात?’ असा प्रश्न सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात येतो आणि उत्तराऐवजी बहुधा दंडाला हळूच चिमटा बसतो. ‘गप्प बस, असे विचारू नये’ या दटावणीमागे समोरच्याला दुखवू नये हीच भावना असते. पण मूल त्यातून भलतेच काही शिकते. विचारणे वाईट असते, त्या आजोबांविषयी बोलायचेसुद्धा नसते आणि मनात गोंधळ किंवा भीती दाटली तर ती गिळून टाकायची असते, एवढे सगळे त्या एका वाक्यात त्याच्यापर्यंत पोहोचते. कुतूहल, समावेशन म्हणजे सर्व प्रकारच्या मुलांना सामावून घेणे, आणि भावनिक स्वास्थ्य हे शाळांच्या पत्रकांत निरनिराळ्या मथळ्यांखाली छापले जाणारे विषय घरात असे एकाच क्षणी पणाला लागतात, म्हणून त्या क्षणाची तयारी कुटुंबाने आधीच करून ठेवावी असे मला मनापासून वाटते.

उत्तर लांबलचक असण्याची गरज नसते. ते खरे असावे आणि त्यात कीव नसावी, एवढे पुरते. आमच्या गृहसंकुलात श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी आहे. नव्याने राहायला आलेल्या एका मुलाने तिच्या आईला थेट विचारले, ‘काकू, हिच्या कानात काय आहे?’ त्या म्हणाल्या, ‘ऐकायला मदत करणारे यंत्र आहे. तिलाच विचार, ती दाखवेल.’ तिने दाखवले, त्याने बॅटरीविषयी दोन शंका विचारल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. त्यानंतर तिच्याशी बोलताना समोर यायचे आणि चेहरा दिसेल असे उभे राहायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. ‘बिच्चारी’ हा उद्गार मात्र मोठ्यांच्या तोंडून आजही सहज निघतो, आणि दया दाखवण्याजोग्या मुलीला खेळात राज्य द्यायचे नसते असा त्याचा अर्थ मुले बरोबर लावतात.

पण दुसऱ्याची अडचण समजून घेण्याची शक्ती मुलात येते कोठून, याचा विचार आपण पुरेसा करत नाही. ज्या मुलाची स्वतःची भीती घरात खरी मानली गेली आहे, त्याला दुसऱ्याची भीती खरी वाटते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ असे म्हटले, तर भीती जात नाही, तिच्यावर फक्त लाजेचा थर चढतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला उसळलेला राग किंवा रडू स्वतःहून आवरता येत नाही. जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणाच्या आधारानेच ते हळूहळू सावरते. म्हणून त्याच्या उंचीला बसून ‘तुला राग आला आहे, मनोरा पाडला म्हणून’ असे त्याच्या भावनेला शब्द द्यावेत आणि त्याच वेळी ‘मारायचे मात्र नाही’ हेही ठामपणे सांगावे. भावनेला मुभा आणि कृतीला मर्यादा, हा भेद आजी-आजोबांसह घरातील सर्वांनी सारखाच पाळला तर मुलाला तो लवकर उमगतो.

याचा प्रत्यय मला आमच्या गणेशोत्सवात आला. संकुलातील एका स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला झांजांचा आवाज असह्य होत असे, त्यामुळे त्याचे कुटुंब आरतीला येणेच टाळत होते. ‘तो कान का झाकतो?’ हा मुलांचा प्रश्न यंदा कोणी दडपला नाही. त्याला तो आवाज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतो, असे त्याच्या वडिलांनी समजावून सांगितले. मग मुलांनीच ठरवले की एक आरती झांजांशिवाय, केवळ हलक्या टाळ्यांवर म्हणायची आणि मोठा गजर त्यानंतर, तो प्रसाद घेऊन घरी गेल्यावर करायचा. तोडगा साधा होता, पण तो प्रश्नातून निघाला होता.

बदल मुलाने करायचा की व्यवस्थेने, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते, त्यामुळे शिकणे मुलांच्या ओळखीच्या जगातून सुरू होत असे. मूल येत नसेल तर दोष मुलात न शोधता आपल्या मांडणीत शोधायचा, ही त्या दोघींची दृष्टी मला आजच्या कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

आता कायदाही त्याच दिशेने बोलतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी प्रवेशात भेदभाव न करता खेळ व करमणुकीतही त्याला बरोबरीची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. तरीही पालकसभेत याविषयी बोलण्याचा भार नेहमी त्याच मुलाच्या आईवर पडतो. हे इतर पालकांनी बदलायला हवे. सहलीच्या बसमध्ये चाकाची खुर्ची चढवता येईल का, स्नेहसंमेलनात गोंगाटापासून दूर बसायला एखादी खोली मोकळी ठेवली आहे का, हे प्रश्न ज्यांच्या मुलांना त्या सोयींची गरज नाही त्यांनी विचारावेत, आणि शक्य असेल तेव्हा आपल्या मुलाला शेजारी बसवून विचारावेत.