गोधडीच्या पोटात काय घालावे

माझी पहिली गोधडी पहिल्याच धुण्यात बिघडली. वरचे कापड उत्तम होते, टाका सरळ होता, रंगही गेला नाही. परंतु दोरीवर वाळत घातल्यावर खालच्या काठाशी कापसाचे गोळे जमले आणि वरच्या भागात नुसती दोन कापडे उरली. पिंजाऱ्याकडून आणलेली दीड किलो रुई हाताला फुलासारखी लागली म्हणून मी भुलले होते, आणि नक्षी मोकळी दिसावी म्हणून टाक्यांच्या ओळी वीतभर अंतरावर घातल्या होत्या. सासूबाईंनी ती ओली गोधडी चाचपली आणि एवढेच म्हणाल्या, "याला गादी म्हणतेत माय, वाकळ नाही." वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी.

पिंजलेल्या रुईचे तंतू एकमेकांना चिकटलेले नसतात, फक्त गुंतलेले असतात. पाण्याचे वजन आले की ते सरकतात, आणि त्यांना अडवणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे टाक्यांची ओळ. म्हणून सुटी रुई भरायची असेल तर दोन ओळींत दोन-तीन इंचांपेक्षा अधिक जागा सोडू नये. आता दुकानांत तयार थराचे गठ्ठे मिळतात. शिवणकाम करणारे त्याला 'बॅटिंग' म्हणतात (आमच्या घरी हा शब्द काढला की मुले क्रिकेटबद्दल बोलू लागतात). त्यातील तंतू यंत्राच्या सुयांनी एकमेकांत खोचलेले किंवा उष्णतेने जोडलेले असल्यामुळे टाके बरेच दूर घेतले तरी थर जागचा हलत नाही. किती दूर चालेल ते बहुधा पाकिटावर छापलेले असते आणि ते वाचूनच नक्षी ठरवावी. मी नेमके उलटे केले होते.

मराठवाड्यातील जुन्या वाकळीत मात्र कापसाचा थर मुळात नसतोच. विटलेली लुगडी, धोतरे, फाटक्या चादरी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने पक्क्या करायच्या, एवढीच ती रीत. मी बराच काळ यामागे फक्त काटकसर पाहत होते. नव्या सुती भरीचा थर पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आकसतो, म्हणजे नव्वद इंचांच्या गोधडीतून साडेचार इंचांपर्यंत लांबी जाऊ शकते, आणि आकसलेल्या थराभोवती वरचे कापड सुरकुतते. पण दहा-बारा वर्षे नेसून, धुऊन, उन्हात वाळवून झालेल्या लुगड्याला आकसायचे काही शिल्लकच नसते. साठ बाय नव्वद इंचांच्या गोधडीत एका नऊवारीचे, कापून जोडले तर, अडीचेक थर होतात. ही भर सरकत नाही, गोळा होत नाही, आणि फाटली तर त्याच जागी ठिगळ लावता येते. आमच्याकडच्या हवेला मला अजूनही हीच सर्वांत योग्य वाटते.

हवेचा विचार येथे टाळता येत नाही. परभणीत थंडी कडक पडते, पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आम्ही पाहिला आहे, परंतु ते दिवस थोडे. उरलेले वर्ष पातळ पांघरूणच पुरते. त्यातच पाण्याचा प्रश्न. ज्या प्रदेशात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तीन किलो रुईची रजई धुण्याचा विचार कोणी करू नये. अशा रजईची खोळ तेवढी धुतात, आणि काही वर्षांनी रुई काढून पुन्हा पिंजून घेतात.

रुईच घ्यायची असेल तर ती कोणती, हेही विचारावे. देशी कपाशीचा धागा आखूड आणि जाडसर असतो. सूतगिरणीच्या दृष्टीने तो उणा, पण भर म्हणून बरा, कारण दबला तरी पुन्हा उठतो. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि त्यानंतर आमच्या शिवारातून देशी वाण जवळजवळ दिसेनासे झाले, त्यामुळे आता तशी रुई शोधावी लागते. फरदडीचा (मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा येणारा) किंवा कवडी (किडका, डागाळलेला) कापूस स्वस्त मिळतो, पण त्यातील कचरा आणि पिवळे डाग पांढऱ्या कापडातून डोकावतात.

पॉलिएस्टरचा थर हलका असतो, आकसत नाही आणि लवकर वाळतो. साठ बाय नव्वदच्या गोधडीला शंभर जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचा) थर साडेतीनशे ग्रॅम भरतो. वसतिगृहात राहणाऱ्या भाचीसाठी मी तोच निवडला, कारण तेथे वाळत घालायला जागा नाही. मात्र तो घाम टिपत नाही, आणि विरळ विणीच्या गडद कापडातून त्याचे पांढरे तंतू लवेसारखे बाहेर येतात. दुकानदार 'शुद्ध कॉटन' म्हणाला तरी चिमूटभर तंतू चिमट्यात धरून जाळून पाहावा: कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मी ना पॉलिएस्टर घालते, ना कच्ची रुई. कच्च्या रुईवर नैसर्गिक मेणाचा लेप असतो, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते आणि ओल टिपायला वेळ लावते. जुन्या धोतराचे तीन थर ओल लगेच टिपतात.

आता कोणतीही नवी भर आणली की आधी दहा इंचांचा चौकोन शिवते, दोनदा धुते आणि मोजते. असे चौकोन बरेच साठले आहेत. सुती चौकोन स्वयंपाकघरात गरम पातेली उतरवायला गेले. पॉलिएस्टरचे डब्यातच आहेत, तव्याजवळ नेण्यासारखे ते नाहीत.