तुम्ही विचारलेत म्हणून: ओपन डेक ब्लॉक किती ताकद पेलतो?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून जवळच माझे बोअरिंग-होनिंगचे, म्हणजे सिलिंडर कापून-घासून मापात आणण्याचे, वर्कशॉप आहे. गाडीला टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) बसवायला निघालेली मुले इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग, घेऊन येतात आणि तो टेबलावर ठेवण्याआधीच विचारतात, "काका, ओपन डेक आहे, किती हॉर्सपॉवर पेलेल?" मी आकडा सांगत नाही, याचा काहींना रागही येतो. तो का सांगत नाही, हे एकदा नीट मांडतो.

पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ओपन डेक आणि क्लोज्ड डेक यांतला फरक लगेच कळेल. डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते, भोवती पाणी असते, आणि ती नळी वरच्या पत्र्यालाही जोडलेली असते. क्लोज्ड डेक म्हणजे हेच. तो वरचा पत्रा नसेल, तर नळी फक्त तळाशी धरलेली राहील. ओपन डेक ब्लॉकमधला सिलिंडर तसा उभा असतो, शेजारच्या सिलिंडरला चिकटलेला, पण दोन्ही अंगांना मोकळा. वरून हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, आवळलेले असते खरे, पण मध्ये गॅस्केट (सांधा गळू न देणारी पातळ चकती) असल्यामुळे ती पकड नुसती दाबाची असते, सांध्याची नव्हे. डेक उघडा ठेवला की पाण्याच्या जागेतला पोलादी साचा सरळ वर ओढून काढता येतो आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक प्रेशर डाय कास्टिंगने, म्हणजे पोलादी साच्यात धातू दाबाने भरून, भराभर ओतता येतो. बंद डेकसाठी सहसा पोकळी राखणारे वाळूचे कोअर लागतात. शिवाय सर्वांत जास्त तापणाऱ्या वरच्या भागाला चांगले पाणी मिळते. त्यामुळे ओपन डेक म्हणजे हलका माल, हा समज चुकीचा आहे. फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेतली टर्बो इंजिने ओपन डेकच आहेत. मात्र बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम३ आणि एम४ या गाड्यांसाठी एन५५ इंजिनावरून एस५५ घडवले, तेव्हा डेक बंद केला, हेही ध्यानात ठेवावे.

आता भार पाहू. ७५ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर असते. टर्बो इंजिनात १०० बार दाब सहज येतो, म्हणजे पिस्टनवर जवळपास साडेचार टन. दाब शिखरावर असतो, तेव्हा क्रँक वरच्या टोकापासून साधारण १५ अंश पुढे गेलेला असतो आणि कनेक्टिंग रॉड तिरका झालेला असतो, म्हणून त्या भाराचा सुमारे बारावा हिस्सा, पावणेचारशे किलोच्या आसपास, पिस्टन आडवा भिंतीवर टाकतो. तोही दर वेळी त्याच बाजूला, आणि मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना सेकंदाला २५ वेळा. सिलिंडर फुटणे ही फार पुढची गोष्ट झाली. त्याआधी तो वरच्या टोकाला झुकू लागतो.

गेल्या पावसाळ्यात दीड लिटरच्या एका सेदानचा ब्लॉक आला. टर्बो बाहेरून बसवलेला, हेड गॅस्केट आठ महिन्यांत तीनदा गेलेले, आणि आधीच्या गॅरेजने सिलिंडर व बाहेरची भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आधारासाठी ॲल्युमिनियमचा गार्ड हातोडीने ठोकून बसवलेला. गॅस्केट उजेडात धरले, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या कड्यावर, पिस्टन जिकडे रेटतो नेमक्या त्याच बाजूला, नखाएवढी चंद्रकोर घासून आरशासारखी चकाकत होती. गॅस्केट दाबाने फुटले नव्हते, त्याच्याखाली सिलिंडर हलत होता. मग बोअर गेज, म्हणजे आतला व्यास मोजणारे उपकरण, आत सोडला. तळाशी बोअर गोल होता. वर येताच काटा चार शतांश मिलिमीटर सरकला, आणि गार्डचे टोक जिथे टेकले होते तिथे उलटीकडे गेला. आधार म्हणून ठोकलेल्या तुकड्यानेच गोलाई बिघडवली होती, आणि पाण्याची वाट अडवली होती ती वेगळीच. त्या मालकाचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणूनच हॉर्सपॉवरचा आकडा मला अपुरा वाटतो. सिलिंडरला कळतो तो दाब, आणि दाब टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) मागे जातो. २००१ च्या होंडा इंटेग्रा टाइप आरचे के२०ए हे इंजिन ओपन डेकचे, टर्बो नसलेले. ते २२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देते ८,००० फेऱ्यांना, आणि तिथे टॉर्क जेमतेम १९३ न्यूटन-मीटर असतो. तेवढेच २२० पीएस ५,००० फेऱ्यांना हवे असतील, तर ३०९ न्यूटन-मीटर लागतात. कागदावर ताकद सारखी, भिंतीवरचा भार मात्र दीडपटीहून अधिक. त्यात नॉकिंग झाले, म्हणजे इंधन अवेळी भडकले, तर दाब चढत नाही, आदळतो. मूळ लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, बहुधा ग्रे कास्ट आयर्नचे असतात. ते ताणले जात नाहीत, तडकतात. तडे गेलेले जे लायनर मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांमागे बूस्टपेक्षा, म्हणजे टर्बोच्या दाबापेक्षा, पुढे ओढलेले इग्निशन टायमिंग, म्हणजे लवकर पाडलेली ठिणगी, होते.

खरा उपाय खर्चाचा आहे. सहजी न तडकणाऱ्या डक्टाइल आयर्नचे, वर कॉलर असलेले स्लीव्ह (नवे अस्तर) बसवायचे. डार्टन कंपनीच्या एमआयडी स्लीव्हची तर वरची कडी एकमेकांना भिडून डेकच तयार होतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे स्लीव्ह गार असताना घट्ट बसला एवढ्यावर समाधान मानता येत नाही, इंजिन तापल्यावरही तो पक्का राहील असेच माप धरावे लागते. होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) आवळूनच करायचे, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो आणि रिंगांना गोल हवा असतो तो आवळलेल्या अवस्थेतला बोअर. गार्ड घालायचाच असेल, तर तो मापात मशिनिंग करून, पाण्याला वाट ठेवून, आणि अंतिम होनिंगच्या आधी घालावा.

तेव्हा ब्लॉक घेऊन याल, तर त्याच्यासोबत जुने गॅस्केट आणि डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, टॉर्कचा आलेख आणा. शिखर किती फेऱ्यांना आहे ते मी आधी पाहीन, मग गेज हातात घेईन.